लक्ष्मी रोडवरची रेड

'लक्ष्मी रोडवर रेड पडली.' पुण्यात असं वाक्य कानावर आलं की ऐकणारा आधी विचारतो, कोणाकडे? मग विचारतो, किती सापडले? वाक्यातल्या 'रोड' आणि 'रेड' या शब्दांकडे कोणी बघत नाही, बघायचं कारणही नसतं. एक शब्द रहदारीचा, दुसरा आयकरवाल्यांचा. गंमत अशी की हे दोन शब्द मुळात एकच आहेत. एकच माणूस दोन गावांत दोन नावांनी नांदावा, तसा हा प्रकार. इंग्लंडात तो 'रोड' झाला, स्कॉटलंडात 'रेड'. इंग्लंडातला भाऊ पुढे साधा रस्ता होऊन बसला. स्कॉटलंडातला मात्र कित्येक पिढ्या घोड्यावरून उतरलाच नाही.

ही 'रेड' म्हणजे जुन्या स्कॉट्स भाषेतला लढाईचा शब्द. स्कॉट्स म्हटलं की पुष्कळांना गेलिक आठवते. ती वेगळी, डोंगराळ उत्तरेकडची, आयरिशच्या नात्यातली. स्कॉट्स ही इंग्रजीची बहीण. हजार-बाराशे वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये जी जुनी इंग्रजी बोलली जायची, तिच्या उत्तरेकडच्या बोलीतून स्कॉटलंडच्या सखल भागात ही भाषा वाढली. त्यामुळे शब्द बरेचसे तेच, पण स्वर निराळे.

स्वर निराळे कसे, ते बघू. जुन्या इंग्रजीत एक शब्द होता, त्याचा उच्चार साधारण 'राड' असा. अर्थ : घोड्यावर बसून जाणं, घोड्यावरचा प्रवास, आणि घोड्यावरून केलेली मोहीमही. (मुंबईचा 'राडा' इथे आठवणारच. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. मोह आवरायचा.) पुढे दक्षिणेकडच्या बोलीत हा लांब 'आ' गोल होत होत 'ओ' झाला, तर उत्तरेत तो 'ए'कडे सरकला. म्हणून इंग्रजीत दगड 'स्टोन' आणि स्कॉट्समध्ये 'स्टेन'. घर तिकडे 'होम', इकडे 'हेम'. हाड 'बोन' आणि 'बेन'. त्याच हिशेबानं दक्षिणेत 'रोड', उत्तरेत 'रेड'. आपल्याला यात नवल वाटायला नको. संस्कृत 'क्षेत्र' हिंदीकडे गेलं ते 'खेत' झालं आणि मराठीकडे आलं ते 'शेत' झालं. 'क्ष' एकच, पण उतरंडी दोन.

आता अर्थ. शब्दकोशात 'रेड'पुढे 'छापा', 'धाड' असे अर्थ सापडतात. आजच्या वापरासाठी ते ठीक आहेत. पण जुन्या स्कॉट्समधल्या 'रेड'ला मराठीत जो तंतोतंत जोडीदार आहे, तो या दोन्हींपैकी नाही. तो आहे 'स्वारी'. स्वार म्हणजे घोड्यावर बसलेला, शब्द फारसी. स्वाराचं बसणं ती स्वारी, त्याचं निघणं तीही स्वारी, आणि तो शत्रूच्या मुलखावर चालून गेला की तीसुद्धा स्वारीच. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर गेले, त्याला आपण स्वारी म्हणतो आणि त्यात घोडा गृहीत असतो, मुद्दाम सांगावा लागत नाही. जुन्या इंग्रजीतली 'राड' अगदी याच वाटेनं गेली : आधी बसणं, मग निघणं, मग चालून जाणं. फारसीचा आणि इंग्रजीचा इथे एकमेकींवर काही प्रभाव नाही. दोन्हीकडे लढाई घोड्यावर बसूनच व्हायची, एवढंच कारण. (आपल्या स्वारीनं मात्र आणखी एक उडी मारली. 'स्वारी अजून जेवायची आहे का?' असं घरातल्या माणसाबद्दल विचारता येतं. स्कॉट लोकांना ते सुचलं नाही.)

मग दक्षिणेकडच्या 'रोड'ला हा लढाईचा अर्थ नव्हता का? होता, चांगला होता. आज जो 'रस्ता' हा अर्थ आपण मूळ समजतो, तो तर पोरसवदा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो रुळू लागला. त्याआधी 'रोड' म्हणजे घोडदौड, स्वारी. शेक्सपिअरच्या 'पाचवा हेन्री' नाटकात राजा म्हणतो की आपण फ्रान्सवर जाऊ, पण मागे स्कॉट लोकांसाठीही फौज ठेवली पाहिजे, ते संधी साधून आपल्यावर 'रोड' करतील. सडक बांधतील असा अर्थ घेतला तर ओळ विनोदी होते. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये आखीश राजा दावीदाला विचारतो, आज तुम्ही कुठे 'रोड' केलात? तिथेही तेच. पुढे रस्ता हा अर्थ एवढा माजला की स्वारीला इंग्रजीत जागा उरली नाही. 'इनरोड' या शब्दात तिचं थडगं तेवढं राहिलं. तो मूळचा 'आत घुसून केलेली स्वारी', आणि आज बाजारपेठेत शिरकाव करणाऱ्या कंपन्यांसाठी वापरतात. बंदराबाहेर जहाजं नांगरून उभी राहतात त्या पाण्यालाही इंग्रजीत 'रोड' म्हणतात, कारण जहाजही लाटेवर स्वार असतं. अमेरिकेतल्या 'हॅम्प्टन रोड्स' या नावात एकही सडक नाही, पाणीच आहे.

उत्तरेत 'रेड' जिवंत राहिली, कारण तिथे ती गोष्टच जिवंत होती.

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांची सीमा पश्चिमेला सॉल्वे खाडीपासून पूर्वेला बेरिक गावाजवळच्या समुद्रापर्यंत जाते. मध्ये चेव्हियट डोंगर. तेराव्या शतकाच्या शेवटी दोन राज्यांत युद्ध पेटलं आणि पुढची तीनशे वर्षं या पट्ट्यातून फौजा जात-येत राहिल्या. पेरलेलं हाती येईल याची खात्री नाही, मग पेरायचं कशाला? त्यापेक्षा गुरं पाळावीत. आपली गुरं कोणी नेली तर दुसऱ्याची आणावीत. असा हिशेब तिथल्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुरला. आर्मस्ट्राँग, एलियट, ग्रॅहम, कर, स्कॉट, निक्सन, चार्लटन ही त्यातली काही नावं. सीमेच्या दोन्ही बाजूंना अशी घराणी होती आणि लुटताना राजा कोणता हे फारसं कोणी पाहत नसे. इंग्लिश माणूस इंग्लिश माणसालाही लुटायचा. या लोकांना 'रीव्हर' म्हणत, म्हणजे लुबाडणारे, आणि त्यांचं काम म्हणजे रेड. बोलण्यात तर 'तो घोड्यावर गेलाय' एवढं म्हटलं तरी पुरे. कुठे, कशाला, हे विचारायची गरज नसे.

रेड कशी चाले? हंगाम पावसाळ्यानंतरच्या आपल्या हंगामासारखा, शरदाचा. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मुलूखगिरीला निघायच्या, कारण नद्या उतरलेल्या असत. तिकडे कारण वेगळं. उन्हाळाभर डोंगरात चरून गुरं अंगानं भरलेली असत आणि रात्री लांब होऊ लागलेल्या असत. हिवाळा सरत आला की गुरं रोडावत, मग त्यांना लांबवर हाकणं जमत नसे. घोडे लहान चणीचे पण काटक, दलदलीतून वाट काढणारे. भीमथडीच्या तट्टांची आठवण यावी असे. अंगात आतून पोलादी पट्ट्या शिवलेला अंगरखा, डोक्यावर लोखंडी टोप, हातात भाला. आणि चंद्र हवा. हार्डनच्या स्कॉट घराण्याच्या बोधवाक्याचा अर्थच 'पुन्हा चांदणं पडेल' असा आहे. घराण्याचं ब्रीद म्हणून हे वाक्य फार कवितेसारखं वाटतं, पण त्यातली कविता म्हणजे शेजाऱ्याची गाय. याच घराण्यातली एक दंतकथा सांगतात. घरातलं मांस संपलं की मालकीण जेवणाच्या वेळी झाकलेली थाळी पुढे ठेवायची. झाकण काढलं की आत घोड्याला टोचायचे टाचेचे काटे. पुरुषांनी काय ते समजून उठायचं.

जाणं सोपं होतं, कस लागायचा परतताना. जाताना चाळीस-पन्नास स्वार वाऱ्यासारखे जात. येताना पुढे शंभर गुरं, आणि गुरं गुरांच्याच चालीनं चालणार. ज्यांची गुरं गेली ते मागे लागणार. या पाठलागाला कायद्याची मान्यता होती, त्याला 'हॉट ट्रॉड' म्हणत. चोरी झाल्यापासून सहा दिवसांच्या आत शिंगं फुंकत, कुत्र्यांसह, भाल्याच्या टोकावर जळता मातीचा गोळा धरून निघायचं, म्हणजे हे लपतछपत चाललेले चोर नाहीत, उघड माग काढणारे आहेत, हे सगळ्यांना कळावं. (माती म्हणजे तिथली दलदलीतली, जळणासाठी वाळवलेली.) असा पाठलाग सीमा ओलांडूनही करता येत असे, आणि वाटेत जो भेटेल त्यानं सामील व्हायचं. आडवा आला तर तोही गुन्हेगार.

ज्यांना हे सगळं झेपत नसे ते लुटारूंनाच ठरलेला हप्ता देत, म्हणजे तो लुटणार नाही आणि दुसऱ्याला लुटू देणार नाही. या हप्त्याला नाव पडलं 'ब्लॅकमेल'. यातला 'मेल' टपालाचा नाही. स्कॉट्समध्ये 'मेल' म्हणजे सारा, भाडं. आपल्या पेपरात रोज येणारा हा दुसरा शब्दही याच सीमेवरून आलेला आहे, आणि चौथाई-खंडणीच्या इतिहासात वाढलेल्या मराठी माणसाला त्याचा जुना अर्थ नव्या अर्थापेक्षा लवकर समजतो.

पण 'रेड' हा फक्त गुरंचोरांचा शब्द होता असं समजलं तर चुकेल. राजाची फौजही रेडला निघायची. राजानं हाक दिली की सरदारांनी माणसं घेऊन हजर व्हायचं, आणि 'रेडला आला नाही' हा खटला भरण्याजोगा गुन्हा होता. स्कॉटलंडच्या इतिहासात नावाजलेल्या ज्या रेड आहेत, त्यांत गुरांचा पत्ताच नाही.

१५६५ ची 'चेसअबाउट रेड' घ्या, म्हणजे धावाधावीची स्वारी. राणी मेरीनं लॉर्ड डार्नलीशी लग्न केलं, ते तिचा सावत्र भाऊ मरे याला रुचलं नाही आणि त्यानं बंड केलं. राणी फौज घेऊन त्याच्या मागे, तो पुढे. कधी तो या गावात, राणी त्या गावात. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत दोन्ही फौजा दक्षिण स्कॉटलंड तुडवत राहिल्या आणि समोरासमोर लढाई अशी झालीच नाही. शेवटी मरे इंग्लंडात पळाला. लढाई नाही, लूट नाही, तरी नाव रेड. कारण घोड्यावरची दौड भरपूर झाली होती, आणि शब्दाचा जीव तिथेच होता.

दुसरी रेड्सवायरची, ७ जुलै १५७५. हे ठिकाण चेव्हियटच्या खिंडीत, आज तिथून मोटारींचा रस्ता जातो. दोन्ही देशांचे सीमाधिकारी ठरलेल्या दिवशी तिथे भेटायचे आणि एकमेकांच्या मुलखातल्या चोऱ्यांचे निवाडे करायचे. त्या दिवशी युद्धबंदी असे. फेरीवाले येत, जत्राच भरे. इंग्लंडच्या बाजूनं सर जॉन फॉर्स्टर, स्कॉटलंडच्या बाजूनं सर जॉन कारमायकल. एका फरारी आरोपीवरून दोघांत शब्दाला शब्द वाढला, घराण्यापर्यंत गेला, आणि बाण सुटले. इंग्लिशांची सरशी होत होती, पण ते फेरीवाल्यांचा माल लुटण्यात गुंतले. तेवढ्यात जेडबरा गावचे लोक येऊन पोचले आणि पारडं फिरलं. फॉर्स्टरच कैद झाला. पुढे स्कॉटलंडच्या कारभाऱ्यानं त्याला सन्मानानं परत पाठवलं, कारण एवढ्यावरून दोन देशांत युद्ध व्हावं असं कोणालाच वाटत नव्हतं. हा म्हटलं तर जत्रेतला दंगा. तोही रेड म्हणूनच नोंदला गेला, पोवाड्यासारख्या गीतात गायलाही गेला.

तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ऑगस्ट १५८२. सहावा जेम्स, वय १६, पर्थजवळ शिकारीला गेला होता. गौरीचा अर्ल विल्यम रुथव्हेन यानं त्याला आपल्या गढीत मुक्कामाला बोलावलं. सकाळी राजा निघायला लागला तर दार अडवलेलं. काही सरदारांना राजाच्या कानाशी लागलेली माणसं नको होती, म्हणून त्यांनी राजालाच ताब्यात घेतलं. राजाला रडू आलं. तेव्हा ग्लॅमिसचा सरदार म्हणाला असं सांगतात की, दाढीवाल्यांनी रडण्यापेक्षा पोरं रडलेली बरी. दहाएक महिने जेम्स त्यांच्या कैदेत होता, मग निसटला. गौरीचं डोकं १५८४ मध्ये उडालं. या प्रकाराला इतिहासात 'रुथव्हेनची रेड' म्हणतात. इथे तर मैदानही नाही, बंद दाराआड सगळं घडलेलं. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'रेड'चा अर्थ अचानक झडप घालणं इथपर्यंत येऊन पोचला होता.

रेडमध्ये सापडून रडलेला हा मुलगाच पुढे रेडचा काळ झाला. १६०३ मध्ये एलिझाबेथ राणी निपुत्रिक वारली आणि स्कॉटलंडचा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला. दोन राज्यांना एकच राजा, मग सीमा कसली? त्यानं त्या पट्ट्याचं नावच 'मधले परगणे' असं करून टाकलं, सीमाधिकाऱ्यांची पदं मोडली आणि रीव्हर घराण्यांवर बडगा उगारला. फाशीला सुमार राहिला नाही. जेडबरा गावच्या न्यायाची तर म्हण झाली : आधी लटकवा, चौकशी मागून. ग्रॅहम लोकांना जहाजात भरून आयर्लंडला पाठवलं. काही वर्षांत रेड थांबल्या, आणि गोष्ट गेली तसा शब्दही बोलण्यातून जाऊ लागला. जुन्या कागदांत आणि गीतांत तेवढा पडून राहिला.

दोनशे वर्षांनी त्याला वर काढलं ते हार्डनच्याच घराण्यातल्या एका वंशजानं, सर वॉल्टर स्कॉटनं. लहानपणी पाय अधू झाला म्हणून त्याला एडिंबरातून सीमाभागात आजोबांच्या शेतावर ठेवलं होतं. तिथे तो या स्वाऱ्यांच्या गोष्टी ऐकत वाढला. पुढे वकील झाला, पण सुट्टी मिळाली की म्हाताऱ्या माणसांकडून जुनी गीतं टिपून घ्यायचा. १८०५ मध्ये त्याचं 'शेवटच्या भाटाचं गीत' हे दीर्घकाव्य आलं, १८१८ च्या सुमाराला 'रॉब रॉय' ही कादंबरी. दोन्ही तुफान खपली, आणि त्यांतून 'रेड' हा शब्द इंग्रजी वाचकांच्या तोंडी बसला. विस्मृतीत गेलेला शब्द एका लेखकानं परत चालू करणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. आपल्याकडे सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक' असे शब्द दिले, पण ते घडवलेले. स्कॉटनं घडवलं काही नाही, माळ्यावरचं उतरवून दिलं.

एकदा उतरवल्यावर शब्द कुठेही गेला. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेचा घोडदळाचा सेनापती जॉन मॉर्गन १८६३ मध्ये उत्तरेच्या मुलखात खोल घुसला, ती 'मॉर्गनची रेड'. त्याला परतता आलं नाही, ओहायोत पकडला गेला. १८९५ च्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत जेमसन नावाचा डॉक्टर पाचसहाशे माणसं घेऊन बोअरांच्या ट्रान्सवालमध्ये शिरला, तोही चार-पाच दिवसांत पकडला गेला. मग घोडा गेला आणि विमान आलं : 'एअर रेड'. १९७१ च्या युद्धात मुंबईत खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले ज्यांना आठवतात, त्यांना हा शब्द भोंग्याच्या आवाजासकट आठवतो. त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पोलिसांनी जुगाराच्या अड्ड्यांवर टाकलेल्या छाप्यांना इंग्रजीत रेड म्हणायला सुरुवात झाली होती. लुटारूंचा शब्द पोलिसांनी घेतला, हा उलटफेर मला फार आवडतो.

आपल्या आयकरवाल्यांकडे तो तिथून आला. १९६१ च्या आयकर कायद्यात बघायला गेलं तर १३२ व्या कलमात 'झडती आणि जप्ती' अशी सरळ भाषा होती, रेड हा शब्द नव्हता. तो लोकांचा आणि वर्तमानपत्रांचा. मराठीत तो आला तेव्हा इथे 'धाड' आधीच बसलेली होती. तिच्याच वजनावर आपण 'रेड पडली' म्हणतो, जशी धाड पडते. ('काय धाड भरलीय तुला?' हे मात्र रेडला अजून जमलेलं नाही.) आणि एक योगायोग. जुन्या इंग्रजीत 'राड' स्त्रीलिंगी होती. पुढे इंग्रजीनं नामांची लिंगंच टाकून दिली. मराठीनं 'धाडी'कडे बघून रेडला पुन्हा स्त्रीलिंगी केलं, आणि 'रस्त्या'कडे बघून रोडला पुल्लिंगी. 'तो रोड, ती रेड.'

या सगळ्या प्रवासात शब्दातून घोडा गेला, भाला गेला, चांदणं गेलं. पण एक गोष्ट शब्दकोश सांगत नाहीत आणि ती मला मुख्य वाटते. रेड मुलूख जिंकायला जात नाही. जायचं, हात मारायचा, आणि परत यायचं. परत आलात तरच ती रेड झाली. मॉर्गन आणि जेमसन यांना जे जमलं नाही ते हेच.

आज हा जुना अर्थ जसाच्या तसा बघायचा असेल तर कबड्डीचं मैदान बघावं. इंग्रजी नियमांत चढाईला 'रेड' म्हणतात आणि चढाई करणाऱ्याला 'रेडर'. आता तर मराठी मुलंही सर्रास 'रेड मारली' म्हणतात. मध्यरेषा ही सीमा. पलीकडे जाऊन गड्याला शिवणं हे निम्मंच काम. शिवल्यावर सातजण अंगावर येतात, पायाला मिठी पडते, दम तोंडात धरलेला असतो आणि घड्याळात तीस सेकंदांतली दोन-तीनच उरलेली असतात. पलीकडे कितीही गडी शिवून झालेले असोत, सगळा हिशेब अडकलेला असतो तो रेषेपर्यंत पोचणाऱ्या बोटांच्या टोकांवर.